सीलबंद लखोटे आणि पाच मिनिटांची मुभा

सोमवारी सकाळी साडेनऊला अकाउंट्समधून फोन आला. "सर, शेअर फोल्डर उघडत नाहीये. पासवर्ड तोच टाकतेय हो!" तेव्हा मी चाळीसेक कॉम्प्युटरांच्या एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळत होतो. जाऊन पाहिलं. पासवर्ड बरोबर, केबल ठीक, शेजारच्या टेबलांवर काम सुरळीत. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लक्ष गेलं. तारीख होती १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता, वेळ जुळवणारी सेवा त्या मशिनवर कुणीतरी बंद करून ठेवली होती, आणि सुटीत वीज गेल्यावर घड्याळ मागे पळालं. सर्व्हरच्या आणि तुमच्या वेळेत फरक आहे, असं विंडोजनं सांगितलंही होतं म्हणे. असले निरोप न वाचता बंद करायची सवय आपल्या सगळ्यांनाच. सेल बदलला, वेळ लावली, फोल्डर उघडला.

पण तारीख चुकली म्हणून सर्व्हरनं माणसाला ओळखच का नाकारावी?

त्यासाठी हा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, मुळात करतो काय ते बघू. (डोमेन म्हणजे एका यादीखाली आणलेली ऑफिसातली सगळी मशिन्स.) तो नसतो तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरची युजरांची यादी वेगळी असते. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद करायचं तर चाळीस टेबलं फिरा. डोमेन कंट्रोलर बसवला की यादी एकच, खातं एकाच जागी बंद. हक्कही माणसाला न देता गटाला द्यायचे. 'अकाउंट्स' गटाला फोल्डर दिला की नवा माणूस नुसता गटात टाकायचा. एवढं कुणालाही पटतं. खरी गोम पुढे आहे. सगळ्यांची ओळख एका जागी ठेवली, तर तिथवर पासवर्ड तारेवरून न्यायचा कसा? वाटेत कुणी ऐकत बसला असेल तर?

हा प्रश्न अमेरिकेतल्या एमआयटीत १९८३ साली सुरू झालेल्या 'अथेना' प्रकल्पाला पडला. आयबीएम आणि डिजिटल इक्विपमेंट या कंपन्यांच्या मदतीनं आवारभर कॉम्प्युटर मांडले होते आणि ते वापरणारी पोरं हुशार होती, म्हणजे तारेवर कान लावणारच. त्यातून जन्मलं कर्बेरॉस, पासवर्ड तारेवर न पाठवता ओळख पटवायची पद्धत. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं हे नाव. (ऋग्वेदातल्या यमाकडे कुत्रे दोन, पण डोळे प्रत्येकी चार.) पाया होता नीडहॅम आणि श्रोडर या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा.

युक्ती अशी. तुम्ही पासवर्ड टाकता, तो तुमच्याच मशिनमध्ये राहतो. त्यातून एक किल्ली तयार होते, आणि त्या किल्लीनं मशिन आत्ताची वेळ कुलूपबंद करून सर्व्हरला धाडतं. सर्व्हरकडे तीच किल्ली आहे. लखोटा उघडला, आतली वेळ ताजी निघाली, म्हणजे माणूस तोच. मग सर्व्हर दोन लखोटे परत देतो. एक तुमच्या किल्लीनं उघडतो, त्यात फक्त त्या दिवसापुरती एक नवी किल्ली असते. दुसऱ्यावर सर्व्हरचं स्वतःचं सील. तो तुम्हालाही उघडत नाही, नुसता जवळ बाळगायचा. हेच तिकीट. विंडोजच्या डोमेनमध्ये ते सहसा दहा तास चालतं. फाइल सर्व्हरकडे, म्हणजे शेअर फोल्डर जिथे असतो त्याच्याकडे, जायचं असेल तर हे तिकीट दाखवून फाइल सर्व्हरच्या किल्लीनं बंद केलेलं आणखी एक तिकीट घ्यायचं. तो ते स्वतःच उघडतो, दर खेपेला मुख्य सर्व्हरला विचारत बसत नाही.

आता वाटेत एखाद्यानं तुमच्या तिकिटाची नक्कल करून तीच पुढे केली तर? म्हणून तिकिटासोबत दर वेळी, त्या तिकिटाबरोबर मिळालेल्या नव्या किल्लीनं बंद केलेली, ताजी वेळ जोडावी लागते. (त्या किल्लीची प्रत तिकिटाच्या आत असते, म्हणून समोरच्याला ती वेळ उघडता येते.) ती जोडीही कुणी जशीच्या तशी पुन्हा पाठवू शकतो, म्हणून फाइल सर्व्हर आलेल्या जोड्या लक्षात ठेवतो. पण किती दिवस? जन्मभर? इथे पाच मिनिटांचा नियम कामी येतो. आपल्या घड्याळापेक्षा पाच मिनिटांहून जास्त मागची किंवा पुढची वेळ आली तर सरळ परत, म्हणजे लक्षात ठेवायचं ते तेवढ्याच खिडकीतलं. मूळ पद्धतीत वेळेचा शिक्का घालावा हे डेनिंग आणि सॅको यांनी १९८१ मध्ये सुचवलं होतं. अकाउंट्समधलं मशिन बिचारं खरं बोलत होतं, पण जुन्या सालातून.

मायक्रोसॉफ्टनं २००० साली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोजच्या डोमेनची यादी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, हेच कर्बेरॉस घेतलं. परवान्याचा खर्च झेपत नसेल तर लिनक्सवर सांबा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. डिसेंबर २०१२ मधल्या ४.० आवृत्तीपासून ते पूर्ण डोमेन कंट्रोलरचं काम करतं. कुठलंही बसवा, पहिली चूक बहुतेकांची एकच. टेबलावरच्या मशिनच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता कुणाला विचारायचा, त्या नोंदीत) राउटरचा पत्ता राहतो आणि मशिनला डोमेन सापडतच नाही. तिथे डोमेन कंट्रोलरचाच पत्ता हवा. आणि कंट्रोलर दोन ठेवा. एकच असला आणि त्याची हार्ड डिस्क गेली, तर चाळीस माणसं चहा पीत बसतात.

सर्व्हरचं ते स्वतःचं सील ज्या खात्याच्या किल्लीनं लागतं, ती चोरीला गेली तर चोर कुणाच्याही नावाचं तिकीट घरबसल्या छापू शकतो. मग ती किल्ली बदलायची, आणि तीही दोनदा. कारण सर्व्हर आधीची एक किल्ली लक्षात ठेवतो.

घड्याळाचं म्हणाल तर सगळी मशिन्स कंट्रोलरकडून वेळ घेतात आणि मुख्य कंट्रोलर बाहेरून. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ही बाहेरची वेळ एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळलेली हवी. कर्बेरॉसला स्वतःला मात्र वेळ बरोबर असण्याशी देणंघेणं नाही, ती सारखी असली की झालं. अख्खं ऑफिस मिळून २०१२ मध्ये असतं, तर त्या सोमवारी मला फोनच आला नसता.