क्रूझ लॉयल्टी योजना

एकाच कंपनीच्या जहाजांवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांच्या सफरींचा हिशेब ठेवून त्यांना चढत्या भाजणीने श्रेणी आणि सोयी देण्याची पद्धत. वर्गणी नसते. पहिली सफर संपली की बहुतेक कंपन्यांत प्रवासी सभासद होऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक बुकिंगला सभासद क्रमांक जोडला की खात्यात भर पडत जाते. तिकिटाच्या दरातली सूट हा या योजनांचा गाभा नाही. काही कंपन्या ती देतात, पण बेताची. जुन्या प्रवाशाला मिळतो तो मुख्यतः मान: जहाजावर आधी चढणे, आधी उतरणे, वेगळ्या रंगाचे कार्ड, अधिकाऱ्यांसोबत मेजवानी. फुकट धुलाई आणि पेये वरच्या पायऱ्यांवर सुरू होतात.

ही कल्पना विमान कंपन्यांच्या योजनांसारखीच वाटते, पण एक फरक मुळातला आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे जगभर गिरवल्या गेलेल्या नमुन्यात वरची श्रेणी दर वर्षी नव्याने कमवावी लागते. क्रूझवर मात्र एकदा मिळालेली श्रेणी सहसा आयुष्यभर टिकते. दहा वर्षे समुद्राचे तोंड न पाहिलेला प्रवासी परत आला तरी त्याची पायरी त्याची वाट पाहत असते. या उदारपणामुळे योजना लोकप्रिय झाल्या, आणि आज त्यांची जी अडचण झाली आहे तीही याच उदारपणातून आली.

हिशेबाच्या पद्धती

सर्वांत सरळ हिशेब रात्रींचा. रॉयल कॅरिबियनच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’त साध्या केबिनमधल्या एका रात्रीला एक पॉइंट आणि स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या, ऐसपैस आणि महागड्या केबिनमध्ये, दोन. पूर्ण केबिनचे पैसे भरून एकट्याने प्रवास करणाऱ्याला दर रात्री एक पॉइंट जादा मिळतो. ३ पॉइंटांवर गोल्ड, ३०वर प्लॅटिनम, ५५वर एमराल्ड, ८०वर डायमंड, १७५वर डायमंड प्लस आणि ७००वर पिनॅकल अशी भाजणी आहे. पायऱ्यांमधली अंतरे पाहण्यासारखी आहेत. आठवड्याच्या बारा सफरी केल्या की प्रवासी डायमंड होतो. पिनॅकलसाठी त्याला साध्या केबिनमध्ये शंभर आठवडे काढावे लागतात. खालच्या पायऱ्या मुद्दाम जवळजवळ ठेवलेल्या असतात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या सफरीलाच आपण वर सरकलो असे वाटते आणि माणूस गुंततो.

त्याच समूहातल्या सेलिब्रिटी या कंपनीच्या ‘कॅप्टन्स क्लब’मध्ये पॉइंट केबिनच्या प्रकारावर अवलंबून असतात. आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनला रात्रीला २, बाल्कनीला ३ आणि स्वीटला त्याहून बरेच जास्त. सर्वांत वरची झेनिथ श्रेणी ३,००० पॉइंटांवर मिळते. रात्री तेवढ्याच, पण ज्याने जास्त मोजले तो लवकर वर जातो.

डिस्नेचा ‘कास्टअवे क्लब’ रात्री मोजतच नाही, सफरी मोजतो: एक सफर झाली की सिल्व्हर, पाच झाल्या की गोल्ड, दहावर प्लॅटिनम आणि पंचवीसवर पर्ल. तीन रात्रींची सफर आणि सात रात्रींची सफर इथे सारखीच धरतात. त्यामुळे हिशेबी माणूस छोट्या सफरी घेतो आणि पंचाहत्तर रात्रींत शिखर गाठतो. लांब सफरी करणाऱ्याला त्याच जागी पोचायला दुप्पट-तिप्पट दिवस लागतात. प्रिन्सेसच्या ‘कॅप्टन्स सर्कल’ने सफरी आणि दिवस असे दोन्ही रस्ते उघडे ठेवले आहेत. पंधरा सफरी किंवा दीडशे दिवस, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावर प्रवासी एलीट होतो.

हॉलंड अमेरिका या कंपनीच्या ‘मरिनर सोसायटी’त धातू आणि रत्नांऐवजी तारे आहेत. पहिल्या सफरीनंतर एक तारा, ३० दिवसांवर दोन, ७५वर तीन, २००वर चार, ५००वर पाच. हे ‘दिवस’ सगळे समुद्रात काढलेले असतातच असे नाही. स्वीटमध्ये दिवस दुपटीने धरले जातात आणि जहाजावर केलेल्या दर ३०० डॉलर खर्चामागे एक दिवस खात्यात पडतो. एमएससी या कंपनीच्या ‘व्हॉयेजर्स क्लब’मध्येही जहाजावरच्या १५० युरो खर्चाला १०० पॉइंट असा दर आहे. म्हणजे बारचे आणि स्पाचे बिलही पायरी चढायला हातभार लावते.

मिळते काय

सोयींचे ढोबळ दोन वर्ग करता येतात. पहिल्यात कंपनीला काहीच खर्च येत नाही. आधी चढायला देणे फुकट असते. जिथे बंदराला धक्का नाही आणि किनाऱ्यावर छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, जावे लागते, तिथे वरच्या श्रेणीला पहिल्या बोटींत जागा देणेही फुकट. डिस्नेने हे तंत्र फार नेटके वापरले आहे. पैसे पूर्ण भरलेला नवा प्रवासी जहाजावरचे उपक्रम आणि किनाऱ्यावरच्या सहली निघण्याच्या ७५ दिवस आधी बुक करू शकतो, सिल्व्हर ९० दिवस आधी, गोल्ड १०५, प्लॅटिनम १२० आणि पर्ल १२३. पर्लला प्लॅटिनमपेक्षा मिळतात ते फक्त तीन दिवस. पण मोक्याच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे तेवढ्या तीन दिवसांचेही महत्त्व मोठे. कंपनीने नवे काही दिलेले नाही. दाराशी कोण आधी उभा राहणार एवढेच ठरवले आहे.

दुसऱ्या वर्गात खरा खर्च येतो, पण तो बाहेरच्या भावाने नव्हे, जहाजाच्या भावाने. पेये हे ठळक उदाहरण. रॉयल कॅरिबियनवर डायमंडला दिवसाला चार, डायमंड प्लसला पाच आणि पिनॅकलला सहा पेयांची व्हाउचरे कार्डावरच जमा होतात. बारमधल्या दरात त्यांची किंमत बरीच भरते, पण कंपनीला पडणारा खर्च त्याच्या अंशाएवढा असतो. शिवाय चार पेये फुकट मिळणारा प्रवासी पेयांचे महाग पॅकेज घेणार नाही, हा तोटाही कंपनीने हिशेबात धरलेला असतो.

मुरलेल्या प्रवाशांना सर्वांत आवडती सोय कोणती असे विचारले तर पुष्कळ जण धुलाईचे नाव घेतील. प्रिन्सेसवर एलीटला आणि हॉलंड अमेरिकेवर चार ताऱ्यांपासून पुढे कपडे फुकट धुऊन मिळतात. नवख्याला हे क्षुल्लक वाटते. पण तीन आठवड्यांच्या सफरीला निघणाऱ्याची बॅग याच एका सोयीमुळे निम्मी होते. सकाळी केबिनमधली धुलाईची पिशवी भरायची, सोबतच्या छापील यादीत शर्ट किती, पायजमे किती ते आकडे लिहायचे आणि पिशवी पलंगावर ठेवून न्याहारीला जायचे. एक-दोन दिवसांत कपडे धुऊन, घडी घालून केबिनमध्ये परत येतात. ज्याला ही सवय लागली तो दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर पैसे मोजून धुवायला टाकताना कुरकुरतो, आणि पुढचे बुकिंग पुन्हा जुन्याच कंपनीकडे करतो. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

एकट्याने फिरणाऱ्यांसाठी रॉयल कॅरिबियनची एक सोय विशेष मोलाची आहे. केबिनचा दर दोन माणसे धरून ठरतो, म्हणून एकट्याला सहसा दुप्पट, म्हणजे २०० टक्के भाडे पडते. ३४० पॉइंट झाले की ते १५० टक्क्यांवर येते. इतर सोयींची किंमत मानण्यावर असते, ही मात्र रोख मोजता येते. खूप वर गेलेल्यांसाठी आणखी एक बक्षीस आहे: पिनॅकल गाठल्यावर एक सफर फुकट, आणि पुढे दर ३५० पॉइंटांनंतर पुन्हा एक.

केक, चॉकलेटचे जहाज, पिना, कप्तानाच्या सहीचे पत्र यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते येतात, फोटो निघतात, संपतात.

कंपनीला हे का परवडते

धक्का सोडल्यावर रिकामी राहिलेली केबिन पुन्हा विकता येत नाही. इंधन, नोकरवर्ग, बंदराची फी हा खर्च जहाज भरलेले असो वा नसो, जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे केबिन रिकामी ठेवण्यापेक्षा कोणीतरी त्यात असणे केव्हाही चांगले. नव्या माणसाला समुद्राची भीती, आजारपणाची भीती, कंटाळ्याची भीती अशा तीन भीतींतून बाहेर काढायला जाहिरातीवर आणि एजंटाच्या कमिशनवर खर्च होतो. जुन्याला काही पटवावे लागत नाही. तो जहाजावर असतानाच ‘फ्यूचर क्रूझ’च्या टेबलाशी बसून पुढची सफर थोडी अनामत भरून ठेवतो आणि त्याबद्दल जहाजावर खर्चायला काही डॉलरही मिळवतो. श्रेणी जवळ आली असेल तर हे टेबल जास्तच चालते. ‘अजून सहा रात्री, की डायमंड’ हे वाक्य कुठल्याही सवलतीपेक्षा प्रभावी ठरते.

वर झालेली गर्दी

आयुष्यभराच्या श्रेणीचा दोष असा की लोक वर चढतात पण खाली कोणी येत नाही. जहाजे मोठी झाली, छोट्या सफरी वाढल्या, निवृत्त प्रवासी वर्षातून चार-पाचदा येऊ लागले. पूर्वी मोजक्यांपुरती असलेली दालने भरून वाहू लागली. रॉयल कॅरिबियनच्या डायमंड लाउंजमध्ये संध्याकाळी खुर्ची मिळणे ही अनेक सफरींवर नशिबाची बाब झाली. पेयांची व्हाउचरे आधी संध्याकाळच्या ठरावीक तासांतच चालत. करोनानंतर जहाजे पुन्हा निघाली तेव्हापासून ती दिवसभर आणि कुठल्याही बारमध्ये चालतात. प्रवाशांना हे सुखाचे झाले, आणि लाउंजवरचा भारही उतरला.

चढण्याच्या दिवशीचे दृश्य यावर पुरेसे भाष्य करते. धक्क्यावर दोन रांगा. एकीवर प्राधान्याचा फलक, दुसरीवर काही नाही. प्राधान्याच्या रांगेत हातात कार्डे घेतलेली शे-दीडशे माणसे, आणि पलीकडच्या साध्या रांगेतली पहिल्यांदाच आलेली माणसे झरझर आत जात असतात. लांब आणि महागड्या सफरींवर, जिथे मुरलेलेच प्रवासी जास्त असतात, तिथे हे हमखास घडते. सगळ्यांनाच मान दिला की मानाला अर्थ राहत नाही.

यावरचा कंपन्यांचा पहिला उपाय म्हणजे डोक्यावर आणखी एक पायरी ठेवणे. डिस्नेचे पर्ल असेच नंतर आले. दुसरा उपाय सोयी हळूहळू पातळ करण्याचा: फुकटचे इंटरनेट निम्म्या दरावर येते, जेवण ‘दर सफरीला एकदा’ होते. जुने प्रवासी असे बदल बारकाईने टिपून ठेवतात. त्यांची तक्रार नुसत्या इंटरनेटची नसते. आम्ही इतकी वर्षे आलो तेव्हाच्या बोलीत हे नव्हते, असे त्यांचे म्हणणे असते.

तिसरा उपाय मुळावरच घाव घालतो. कार्निव्हलच्या ‘व्हीआयएफपी क्लब’मध्ये दिवसाला एक पॉइंट मिळे; २५वर गोल्ड, ७५वर प्लॅटिनम, २००वर डायमंड. जून २०२५मध्ये कंपनीने जाहीर केले की २०२६पासून ही योजना मोडीत निघेल आणि तिच्या जागी ‘कार्निव्हल रिवॉर्ड्स’ येईल. नव्या योजनेत दिवस नव्हे, केलेला खर्च मोजायचा आणि श्रेणी ठरावीक मुदतीपुरतीच द्यायची. वरच्या श्रेणीत माणसे फार झाली, हे कारण कंपनीने लपवले नाही. स्वस्त केबिन धरून वर्षानुवर्षे येणाऱ्यांना आपली पायरी आता घसरणार हे लगेच कळले आणि नाराजीही मोठी उमटली.

खर्चावर आणि मुदतीवर चालणारा नमुना जहाजावर आधीपासून होताच, फक्त वेगळ्या दालनात. रॉयल कॅरिबियनच्या कॅसिनोतल्या ‘क्लब रॉयाल’मध्ये १ एप्रिल ते ३१ मार्च असे वर्ष धरतात; २,५०० पॉइंटांवर प्राइम, २५,०००वर सिग्नेचर, १,००,०००वर मास्टर्स. दर वर्षी हिशेब नव्याने सुरू होतो. सफरींची श्रेणी आणि कॅसिनोची श्रेणी ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्याच सफरीत खेळायला बसलेल्या एखाद्याला पुढची सफर फुकट मिळून जाते आणि वीस वर्षे येणाऱ्याला मिळत नाही, ते त्यामुळेच.

श्रेणी कुठे चालते

एका कंपनीची श्रेणी दुसरीकडे चालत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि एकाच मालकाच्या कंपन्यांतही तो लागू पडतो. कार्निव्हल, प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या एकाच महामंडळाच्या असूनही प्रत्येकीची वही वेगळी आहे. रॉयल कॅरिबियन समूहाने मात्र रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी यांच्यात श्रेणी जुळवण्याची सोय केली आहे. एमएससी त्याही पुढे जाते. इतर क्रूझ कंपन्यांची, इतकेच काय हॉटेलांचीही श्रेणी दाखवली तर ती आपल्याकडची साजेशी पायरी देते. मात्र तीन वर्षे सफर केली नाही तर तिथले सभासदत्व संपते. नव्या बाजारात शिरणाऱ्या कंपनीला दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढायचे असते, तर घट्ट बसलेल्या कंपनीला आपले गिऱ्हाईक जाऊ द्यायचे नसते. धोरणांतला फरक इथून येतो.

हॉलंड अमेरिका ताऱ्यांच्या जोडीला आणखी एक जुनी पद्धत पाळते. १०० दिवसांवर कांस्य, ३००वर रौप्य, ५००वर सुवर्ण आणि ७००वर प्लॅटिनम अशी पदके ती जहाजावरच्या समारंभात प्रवाशांना देते. या हिशेबात स्वीटचे दुप्पट दिवस धरत नाहीत, बारचे बिलही धरत नाहीत. जहाजावर प्रत्यक्ष काढलेले दिवस तेवढे मोजतात.