पहिला डीएसएलआर: पैसे लेन्सवर घाला

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेली पोरं घुंगरांच्या तालावर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेताना खानदेशातल्या नव्या फोटोग्राफरने हा कमी उजेड डोळ्यांसमोर ठेवावा. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो, ‘किती मेगापिक्सेल?’ 12 बाय 8 इंची चांगल्या प्रिंटला इंचामागे 300 ठिपके धरले तरी 9 मेगापिक्सेलच्या आत भागतं. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्येही 18 ते 24 असतात. तो विषय तिथेच संपला.

खरा हिशेब प्रकाशाचा. प्रकाश कणाकणांनी येतो आणि हे कण सारख्या संख्येने पडत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी 100 कण पडले, तर त्यात साधारण 10 चा चढउतार होतो, म्हणजे 10 टक्के. 10,000 पडले तर 100 चा, म्हणजे अवघा एक टक्का. अंधारातल्या फोटोत दिसणारी रवाळ खरखर मुख्यतः या चढउताराची असते. आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करणारी कॅमेऱ्यातली सेटिंग, वाढवून प्रकाश वाढत नाही. आलेला थोडासा प्रकाश फुगवून दाखवला जातो, आणि खरखरही सोबत फुगते.

म्हणून आत येणारा प्रकाशच वाढवायला हवा, आणि ते काम लेन्सचं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 मिमीची किट लेन्स 50 मिमीच्या आसपास एफ 5.6 पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), म्हणजे तिचं छिद्र जेमतेम 9 मिमी. 50 मिमी एफ 1.8 या प्राइम लेन्सचं छिद्र 28 मिमी. क्षेत्रफळ जवळपास दहापट! नाचणाऱ्याचे पाय गोठवायला सेकंदाचा दोनशेवा भाग शटर ठेवलं आणि किट लेन्सला आयएसओ 12800 लागला, तर तोच फोटो प्राइमवर 1300 च्या आसपास निघतो. झूम नसल्याने पुढे-मागे सरकावं लागतं, पण कानबाईच्या उत्सवात रात्री घरातले फोटो काढायलाही मी हीच लेन्स सुचवेन.

हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी टिपायचे असतील तर गणित बदलतं. तिथे लांब पल्ल्याची लेन्स हवी, आणि तिचं छिद्र लहान असलं तरी आपलं ऊन भरपूर आहे. स्वच्छ उन्हात एफ 5.6 आणि आयएसओ 200 ला सेकंदाचा सोळाशेवा भाग सहज मिळतो. उडता पक्षीही स्पष्ट येतो.

बजेट तोकडं असेल तर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जुनी घ्या. कंपन्या मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळल्याने जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. एक गोष्ट मात्र नीट बघा: निकॉनच्या डी3000 आणि डी5000 मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी ‘एएफ-डी’ लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो, म्हणून लेन्समध्येच मोटर असलेली ‘एएफ-एस’ घ्यावी.

विकणाऱ्यासमोरच शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा, तपासा. साध्या बॉडीचं शटर साधारण लाखभर फोटोंसाठी बनवलेलं असतं. मग एफ 16 वर कोऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या डागांसारखी दिसते. शेवटी लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स निम्म्या किमतीत मिळाली तरी परत द्या.