गेममधली होडी फोनगणिक वेग का बदलते?

मालवणच्या धक्क्यावरून होडी सोडायची आणि खडक चुकवत ती सिंधुदुर्ग किल्ल्याला लावायची. एवढाच व्हिडिओ गेम करायला घेतला, तरी या क्षेत्रातल्या मूळ संकल्पना एकेक करून समोर येतात.

पडद्यावर होडी सरकताना दिसते, पण ती असते एकामागून एक काढलेली स्थिर चित्रं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एकीसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोणतं बटण दाबलंय ते बघायचं, होडीची नवी जागा ठरवायची आणि अख्खं दृश्य पुन्हा काढायचं. गेम बंद होईपर्यंत फिरत राहणारं हे चक्र म्हणजे गेम लूप.

नवशिके अडकतात ते इथेच. ‘दर फ्रेमला होडी २ पिक्सेल पुढे’ असं लिहिलं, की ६० फ्रेमच्या फोनवर ती सेकंदाला १२० पिक्सेल जाते, १४४ फ्रेमच्या मॉनिटरवर २८८, आणि जुना फोन ३० फ्रेमच काढू शकला तर फक्त ६०. खेळ तोच, पण कुणाला सोपा, कुणाला अशक्य! यावर उपाय डेल्टा टाइम. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्याने वेगाला गुणायचं; शाळेतलं ‘अंतर = वेग × वेळ’ हेच सूत्र. मग फ्रेम कितीही असोत, होडी सेकंदाला १२० पिक्सेलच जाते. गेम शिकणाऱ्याने सुंदर चित्रांच्या मागे लागण्याआधी हा हिशोब पक्का करावा, असं मला मनापासून वाटतं.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेममध्ये मात्र असाच बदलता वेग फायद्याचा ठरला. शत्रू मरत गेले, की काढायची चित्रं कमी व्हायची आणि उरलेले शत्रू जास्त वेगाने सरकायचे. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं, आणि खेळाची चुरस त्यातूनच वाढली.

आता खडक. होडी आणि खडक यांच्याभोवती अदृश्य चौकटी आखतात आणि त्या एकमेकींवर आल्या की टक्कर झाली असं धरतात. पण होडी २० पिक्सेल लांब, खडक १० पिक्सेल रुंद आणि होडीची एका फ्रेममधली उडी ४० पिक्सेलची असेल, तर? एका फ्रेमला होडी खडकाच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि टक्कर नोंदलीच जात नाही. याला टनेलिंग म्हणतात. म्हणून दोन फ्रेममधला सगळा मार्ग तपासतात, किंवा हालचालीचं गणित ठरावीक छोट्या टप्प्यांत करतात. युनिटी या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, हा टप्पा मुळात ०.०२ सेकंदाचा असतो.

मला सर्वांत आवडतो तो लाटांचा भाग. १८०२ मध्ये गणितज्ञ फ्रान्झ गेर्स्टनर यांनी लाटेचं एक गणित मांडलं. त्यात पाण्याचा प्रत्येक कण आपल्या जागेभोवती वर्तुळात फिरतो, त्यामुळे लाटेचा माथा टोकदार आणि खळगा पसरट होतो. अनेक गेममधला समुद्र आजही याच सूत्रावर उभा आहे. खोल पाण्यात लांब लाट जास्त वेगाने धावते. लांबी चौपट झाली की वेग दुप्पट. लहान-मोठ्या अशा पाच-सहा लाटा एकमेकींत मिसळल्या, की पाणी खरं वाटू लागतं. मग होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाखाली पाण्याची उंची त्याच सूत्राने काढायची. त्या दोन उंचींमधल्या फरकावरून होडी किती कलंडवायची ते ठरतं.