ख्रिसमस मार्केट, लेबकुखन आणि स्टॉलन: 'जुनी परंपरा' किती जुनी?

डिसेंबर लागला की इन्स्टावर तोच तो फोटो. लाकडी स्टॉल, वर पिवळे दिवे, मागे चर्चचे मनोरे आणि हातात वाफाळत्या ग्लुवाइनचा (मसाले घातलेल्या गरम वाइनचा) मग. जर्मनीतली आपली आयटीवाली आणि मास्टर्सवाली मंडळी टाकतातच, हल्ली मुंबई-पुण्यातही 'ख्रिसमस मार्केट' नावाने स्टॉल लागतात, आणि घरात ओव्हन आल्यापासून डिसेंबरच्या एखाद्या वीकेंडला कुकीज किंवा जिंजरब्रेडचा घाट घातला जातोच. या सगळ्याखालची कॅप्शन मात्र ठरलेली, सातशे वर्षांची परंपरा. आकडा अगदीच हवेतला नाही, पण तो ज्या बाजाराचा आहे तो बाजार वेगळा आणि आपण ज्याचे फोटो काढतो तो वेगळा, आणि घरच्या बेकिंगचा तर त्या आकड्याशी जवळपास काही संबंधच नाही.

आधी जुनेपणाचं भांडण बघू. व्हिएन्नावाले तेराव्या शतकाच्या शेवटी भरलेल्या डिसेंबरातल्या बाजाराचा दाखला देतात, बाउत्झेनवाले १३८४ चा, ड्रेस्डेनवाले १४३४ चा, आणि प्रत्येकाच्या ब्रोशरमध्ये 'सगळ्यात जुना' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पण हे कागद मुळात बाजार भरवण्याचे परवाने आहेत. बाउत्झेनला राजाने जी परवानगी दिली ती ख्रिसमसपर्यंत दर शनिवारी मांस विकायची, आणि ड्रेस्डेनला तर एकाच दिवसाचा बाजार मंजूर झाला होता. ख्रिसमसच्या आधीचे आठवडे तेव्हा उपासाचे असायचे, उपास सुटल्यावर खायला मांस पाहिजे, थंडीच्या तोंडावर बाकीचाही माल भरून ठेवायचा, म्हणून बाजार. खेळणी, मिठाई, दिवे हे सगळं हळूहळू नंतर चिकटलं. त्यामुळे 'पहिला कोण' या वादात पडण्यात फारसा अर्थ नाही असं मला वाटतं, प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजतोय.

बाजारापेक्षा खाण्याचा इतिहास जास्त पक्का आहे. न्यूरेंबर्गमध्ये लेबकुखन बनवणाऱ्यांचा उल्लेख १३९५ पासून सापडतो. हे मधाचं, मसाल्याचं, जाडसर बिस्किट याच शहरात का मोठं झालं तर आजूबाजूच्या जंगलात मध भरपूर आणि शहरातून जाणारे व्यापारी रस्ते थेट व्हेनिसपर्यंत, म्हणजे मिरी, सुंठ, वेलची, लवंग, दालचिनी दारात. सॅक्सनीकडे, म्हणजे ड्रेस्डेनच्या प्रांतात, याच प्रकाराला पेफरकुखन म्हणतात, शब्दशः मिरीचा केक, तेव्हा पेफर म्हटलं की त्यात सगळे परदेशी मसाले आले. आणि मिरी म्हणजे आपली मलबारचीच. पुढे पोर्तुगीजांनी समुद्राची वाट काढली तेव्हा ऑग्सबर्ग आणि न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांनी घाईघाईने पैसे ओतून १५०५ च्या ताफ्यात आपली जहाजं घुसवली, आणि तो ताफा भारतात आल्यावर आधी थांबला तो अंजदीव बेटावर, कारवारच्या समोर, जे आज गोव्यात मोडतं. लेबकुखनच्या मसाल्याचा कोकण किनाऱ्याशी संबंध आहे तो एवढा सरळ.

लेबकुखनच्या खाली पांढरी पातळ चकती असते, पुष्कळ जण ती कागद समजून सोलून टाकतात, प्लीज टाकू नका. ती ओब्लाट, चर्चमध्ये प्रसादाला जी चकती देतात त्याच जातीची, पीठ आणि पाण्याची. मध आणि बदाम-अक्रोडाचं मिश्रण इतकं चिकट असतं की पत्र्याला धरतं, मग मठातल्या लोकांनी हाताशी असलेल्या चकत्याच खाली सरकवल्या असं सांगतात. १६४३ मध्ये या बेकरांचं वेगळं गिल्ड (कारागिरांचा संघ) झालं, म्हणजे साध्या पाववाल्याने लेबकुखन करायचं नाही. घरी करायचा तर प्रश्नच नव्हता.

स्टॉलन म्हणजे बेदाणे-बदाम घातलेला ख्रिसमसचा गोड पाव, त्याची गोष्ट याच्याही वरताण. उपासाला लोणी चालत नसे, त्यामुळे ड्रेस्डेनकडचा मूळ स्टॉलन म्हणजे पीठ, यीस्ट, पाणी आणि रेपसीडचं तेल, चवीला कसा लागत असेल ते सांगायला नको. सॅक्सनीच्या राजघराण्याने रोमला अर्ज केला, नकार आला, एकामागून एक पोप बदलले आणि शेवटी पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'बटर लेटर' म्हणतात ते पत्र आलं. राजाच्या घराला लोणी माफ, बाकीच्यांनी वर्षाला ठराविक रक्कम फ्रायबर्गच्या चर्चच्या बांधकामाला द्यायची आणि मग खुशाल लोणी घालायचं. थोडक्यात उपास मोडायचं लायसन्स. विटेनबर्गच्या बंडखोर धर्मगुरूने, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ ज्याने सुरू केली त्या मार्टिन ल्यूथरने, १५२० मध्ये यावरच तोंडसुख घेतलं, की रोमवाले स्वतः उपासाची थट्टा करतात, आपल्याला असलं तेल खायला लावतात जे ते बुटालाही लावणार नाहीत, आणि वर लोणी खायची परवानगी आपल्यालाच विकतात. सॅक्सनी पुढे प्रोटेस्टंट झाली, लोण्याचा प्रश्नच मिटला.

आता घरचं बेकिंग. ॲडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या आठवड्यांतल्या, रविवारी आई-आजी-नातवंडं मिळून बिस्किटं कापतायत हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या आधी सामान्य घरात शक्यच नव्हतं, कारण साखर परवडत नव्हती आणि घरात ओव्हन नव्हता. बीटपासून साखर निघते हे १७४७ मध्ये बर्लिनला कळलं, पहिला कारखाना त्यानंतर पन्नासेक वर्षांनी उभा राहिला, मग साखर उतरत उतरत गरिबाच्या डब्यापर्यंत आली. लोखंडी चुलींना ओव्हन आले. आणि १८९० च्या दशकात बीलेफेल्डच्या एका औषधवाल्याने अर्धा किलो पिठाला बरोबर पुरेल एवढी बेकिंग पावडर छोट्या पुडीत घालून विकायला काढली, हे डोकं त्याचं खरंच भारी, कारण तोपर्यंत बायकांना अंदाजाने घालावं लागायचं आणि अंदाज चुकला की घाणा वाया. व्हॅनिला किपफेरल, दालचिनीच्या चांदण्या, डबे भरभरून बिस्किटं, या सगळ्या घरगुती फराळाचं वय एवढंच, दीडशे ते दोनशे वर्षं. ज्याला आपण सगळ्यात पारंपरिक समजतो ते तसं बघितलं तर सगळ्यात नवीन.

गंमत म्हणजे घरात बेकिंग वाढत होतं त्याच काळात बाजार मरत होता. बर्लिनमध्ये, न्यूरेंबर्गमध्ये डिपार्टमेंट स्टोअर आले, काचेच्या शोकेस आल्या, आणि शहराच्या मध्यावर गरीब फेरीवाल्यांची गर्दी दुकानदारांना खुपायला लागली. बर्लिनचा बाजार १८९० च्या दशकात मध्यवस्तीतून उचलून बाहेर टाकला, न्यूरेंबर्गचा १८९८ मध्ये मुख्य चौकातून हलला आणि मग इकडेतिकडे भटकत राहिला. ज्या बाजाराचा पहिला लेखी पुरावा १६२८ च्या एका लाकडी डबीच्या तळाशी आहे, कोणीतरी कोणालातरी 'किंडलेस-मार्क'ची (बाळाच्या बाजाराची) भेट म्हणून पाठवलेली डबी, आणि १७३७ मध्ये ज्यात शहरातल्या जवळपास सगळ्या कारागिरांचे स्टॉल होते, तो बाजार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कोपऱ्यातली जत्रा होऊन बसला होता.

तो परत मुख्य चौकात आणला १९३३ मध्ये, आणि कोणी आणला ते वर्षावरून कळतंच. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि टुरिस्ट माहितीत यावर जेमतेम एखादी ओळ असते. नवीन नाझी सत्तेला न्यूरेंबर्ग हे 'जर्मन साम्राज्याचं रत्नपात्र' म्हणून दाखवायचं होतं, पक्षाचे प्रचंड मेळावे इथेच भरत होते, तर जुन्या जर्मन कारागिरीचा आणि जुन्या जर्मन ख्रिसमसचा देखावाही इथेच हवा. मग ४ डिसेंबर १९३३ ला उद्घाटनाचा थाटमाट केला. ख्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशूच्या वेशातली तरुण नटी, बाजूला सोनेरी कागदाचे पंख लावलेल्या दोन देवदूत, लहान मुलांचं कॉयर, चर्चच्या घंटा, आणि नटीने म्हटलेली प्रस्तावना. आज दरवर्षी संध्याकाळी साडेपाचला हजारो लोक मान वर करून जे बघतात त्याचा साचा त्या संध्याकाळी ठरला. आणि चौकाचं नाव तेव्हा बदलून हिटलरच्या नावाचं केलेलं होतं हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच्याही मागे जायचं तर हा चौक मुळात ज्यू वस्तीच्या जागेवर आहे, १३४९ मध्ये साडेपाचशेच्या वर ज्यू मारले गेले, घरं पाडून बाजारचौक काढला आणि सिनेगॉगच्या जागी चर्च बांधलं, ज्याच्या सज्जातून आता ख्रिस्टकिंड बोलते.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बाजार तर आधीपासून होताच, नाझींनी फक्त वापरला. अर्धं खरं आहे. नाव जुनं, लेबकुखन जुने. ख्रिस्टकिंड ही कल्पनाही सोळाव्या शतकातल्या त्याच प्रोटेस्टंट चळवळीतून आली, संत निकोलसऐवजी मुलांना भेटी येशूनेच द्याव्यात म्हणून (आणि आज नेमकी ती कॅथलिक दक्षिणेत जास्त लाडकी आहे, उत्तरेत लाल डगलेवाला म्हातारा, इतिहासाचे उद्योग!). पण जागा, सोहळा आणि 'हरवलेलं जुनं वैभव परत आणलं' ही भावना, या तिन्ही गोष्टी १९३३ च्या, आणि तिन्ही तशाच चालू आहेत. बंद करा असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण सातशे वर्षं म्हणताना ही मधली सहा वर्षं गाळायची नाहीत एवढंच, १९३९ ला युद्ध सुरू झालं आणि बाजार थांबला.

१९४८ ला परत सुरू झाला तेव्हा जुनं शहर जवळपास सगळं ढिगाऱ्यात होतं. शहराच्या थिएटरमधल्या एका लेखकाने प्रस्तावना नव्याने लिहिली, त्यात लाकूड आणि कापडाचं छोटं गाव अशी ओळ आहे, स्टॉलवरचे लालपांढऱ्या पट्ट्यांचे कापड बघितलं की ती पटते. सुरुवातीला नट्याच ख्रिस्टकिंड व्हायच्या, १९६९ पासून शहरातल्या मुलींमधून निवडायला लागले, वय १६ ते १९, उंची किमान १६० सेंमी आणि उंचावर भीती वाटता कामा नये, कारण सज्जा चांगलाच वर आहे. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत शहरांच्या मध्यवस्तीत गाड्या बंद करून पायी फिरायचे रस्ते केले आणि गावोगाव बाजार फुटले, मगासाठी भरायचं डिपॉझिट, ग्लुवाइन, सॉसेजचे पाव हे पॅकेज तेव्हाचं. १९९६ मध्ये शिकागोने न्यूरेंबर्गची कॉपी चालू केली, तिकडच्या मराठी लोकांनी जर्मनीच्या आधी तोच बघितलेला असतो.

२०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय वंशाचे. एका उजव्या पक्षाच्या म्युनिककडच्या शाखेने तिच्या फोटोसकट पोस्ट टाकली, आशय असा की आपलीही गत एक दिवस अमेरिकेतल्या रेड इंडियनांसारखी होणार. देशभर आरडाओरडा झाला, पोस्ट काढली, माफी मागितली, आणि शहर मुलीच्या बाजूने उभं राहिलं. १९३३ चा संदर्भ त्या वेळच्या चर्चेत यायला हवा होता तेवढा आला नाही असं माझं मत. बिचारीचं दुसरं वर्ष कोव्हिडमध्ये गेलं, २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं बाजार रद्द.

पूर्वेकडे ड्रेस्डेनमध्ये वेगळीच कथा चालू होती. कम्युनिस्ट राजवटीत बाजार भरायचा पण बदाम, बेदाणे, लिंबूवर्गातल्या फळांची पाकवलेली साल मिळायची मारामार, कारण त्याला परकीय चलन लागतं. मग कारखान्यांनी कच्चे हिरवे टोमॅटो आणि गाजर साखरेत पाकवून साल म्हणून विकले, अगदी आपल्याकडे कच्च्या पपईची टुटीफ्रुटी होते तसंच. पश्चिमेतले नातेवाईक पार्सलमधून बदाम-बेदाणे पाठवायचे आणि इकडून भाजलेला स्टॉलन परत जायचा. म्हणजे बेकरी आणि घर यांची सरमिसळ इथे बरीच टिकली, घरचं मिश्रण घेऊन बेकरीत भाजायला द्यायचं ही पद्धतही.

जर्मनीच्या एकीकरणानंतर मात्र नियमच नियम. न्यूरेंबर्गच्या लेबकुखनला १९९६ मध्ये आणि ड्रेस्डेनच्या स्टॉलनला २०१० मध्ये युरोपचं जीआय (भौगोलिक नावाचं संरक्षण) मिळालं. एलिझन लेबकुखन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, म्हणायचं तर सुकामेवा किमान २५ टक्के आणि मैदा १० टक्क्यांच्या वर नाही. स्टॉलनला १०० किलो मैद्यामागे निदान ५० किलो लोणी आणि ६५ किलो बेदाणे. ज्या लोण्यासाठी पाचशे वर्षांपूर्वी दंड भरत होते ते आता कमी घातलं तर नाव जातं.

घरी करणाऱ्यांना यातलं काही लागू नाही. स्टॉलन ओव्हनमधून निघाला की गरम असतानाच पातळ लोणी दोनदा चोपडायचं, लगेच साखर आणि वर पिठीसाखरेचा जाड थर, मग फॉइलमध्ये गुंडाळून गार जागी दोन-तीन आठवडे. लोण्या-साखरेचा तो थर शोभेचा नाही, त्याने आतला ओलावा टिकतो. नोव्हेंबरच्या शेवटाला केला तर ख्रिसमसला बरोबर येतो. मुंबईच्या हवेत बाहेर ठेवायच्या भानगडीत पडू नका, फ्रीजच.