बंबाच्या चालकाचे पाण्याचे गणित

पुण्याच्या भवानी पेठेतील मध्यवर्ती अग्निशमन केंद्रातून बंब बाहेर पडतो तेव्हा आपले लक्ष भोंग्याकडे जाते. चालकाचे लक्ष मात्र पाठीमागच्या पाण्याकडे असते. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असेल, तर ते साडेचार टन ओझे झाले, आणि हे ओझे एका जागी बसत नाही. ब्रेक दाबला की ते पुढे येते, वळणावर बाहेरच्या अंगाला झेपावते. त्याला आवर घालण्यासाठी टाकीत आडव्या-उभ्या पत्र्यांचे कप्पे असतात. तरीही अर्धवट भरलेली टाकी जास्त दगा देते, कारण पाण्याला हिंदकळायला जागा मिळते.

पेठेतल्या बोळात बंब कोठे उभा करायचा, हा निर्णयही बहुधा चालकाचाच. वरच्या विजेच्या तारा, वाऱ्याची दिशा, मागून येणाऱ्या शिडीच्या गाडीची वाट, हे सारे त्याला काही क्षणांत जोखावे लागते. हँडब्रेक ओढून त्याने पी.टी.ओ. (पॉवर टेक-ऑफ) हा जोड जोडला की इंजिनाची ताकद पंपाकडे वळते आणि चालकाचा यंत्रचालक होतो. माझ्या मते त्याचे खरे अवघड काम येथून सुरू होते.

समजा, आग चौथ्या मजल्यावर आहे. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक बार दाब लागतो. बारा मीटरसाठी सव्वा बार धरू. नोझलपाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी, साडेतीन बार हवेत. शिवाय ६३ मिलिमीटर व्यासाच्या नव्वद मीटर होजमधून (लवचिक नळीतून) मिनिटाला ४५० लिटर पाणी जाताना घर्षणात अर्धा-पाऊण बार खर्च होतो. म्हणजे पंपावर साडेपाच बारच्या आसपास दाब ठेवावा लागेल. याच होजमधून दुप्पट पाणी सोडले, तर घर्षणाचा खर्च दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. दाब कमी पडला तर धार आगीपर्यंत पोहोचत नाही. वाजवीपेक्षा वाढला तर नोझल धरणाऱ्या जवानाला मागे रेटा बसतो. मिनिटाला ४५० लिटरच्या वेगाने टाकी दहा मिनिटांत रिकामी होईल, हे घड्याळही त्याच्या डोक्यात चालूच असते.

जवळ विहीर असेल, तर सक्शन होज पाण्यात सोडतात. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप आत पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही उंची जास्तीत जास्त १०.३ मीटर असते. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे ती पावणेदहाच्या आत येते, आणि व्यवहारात सात मीटरच्या आसपासच भरवसा धरता येतो. त्यापलीकडे हाव केली की पंपातील पाण्याचे बुडबुडे होतात, ते फुटताना आत खडे खडखडल्यासारखा आवाज येतो आणि पंखा झिजतो. मुरलेला यंत्रचालक गेजकडे पाहण्याआधी तो आवाज ओळखतो.

वरच्या जवानाने नोझल बंद केले, तरी पंप फिरतच राहतो. तेच पाणी आत घुसळले जाऊन तापू लागते. म्हणून यंत्रचालक मधूनमधून पंपाच्या कवचावर तळहात टेकवतो आणि ते कोमट लागले, की थोडे पाणी टाकीत परत फिरवतो.