अपडेटच्या सूचनेला लोक का बिचकतात?

२७ जून २०१७ला न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या व्हायरसने मर्स्कची जगभरातली यंत्रणा बंद पाडली होती आणि इथे कामं हाताने करायची वेळ आली. व्हायरस पसरायला विंडोजमधली जी त्रुटी कामी आली, तिचा पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच निघाला होता. पण व्हायरस मुळात शिरला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! अपडेट टाळावं की करावं, या वादातल्या दोन्ही बाजूंना पुरावा देणारी घटना आपल्या दारात घडून गेली आहे.

वाद त्याहून जुना आहे. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा व्हायरस आला तेव्हा इंटरनेटला जोडताच विंडोज एक्सपीवर चौकट यायची आणि ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. शून्यावर संगणक आपोआप रीस्टार्ट. त्याचाही पॅच महिनाभर आधी आलेला होता. पण डायल-अपच्या, म्हणजे फोनच्या तारेवरच्या संथ इंटरनेटवर तो डाउनलोड करत कोण बसणार? त्याच ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देण्याचा शिरस्ता पाडला.

आपल्याकडे मात्र अपडेट बंद ठेवण्याचं कारण वेगळंच होतं. असेंबल केलेल्या पीसीत कॉपी केलेली विंडोज असायची. २००६च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट अपडेटमधूनच अस्सलपणा तपासू लागलं आणि २००८मध्ये नकली प्रतीचा वॉलपेपर तासातासाला काळा होऊ लागला. मग पीसी जोडून देणारा माणूसच जाताना अपडेट बंद करून जायचा. माझ्या मते ठाण्या-कल्याणच्या घराघरांत रुजलेली अपडेटची धास्ती इथून आली, आणि त्यात लोकांचा दोष फार थोडा आहे. २०१६मध्ये तर विंडोज १०च्या सूचनेवरची फुली दाबली तरी अपग्रेड ठरलेल्या वेळी सुरू होत असे. ३१ जुलैची आयकर रिटर्नची मुदत तोंडावर आणि संगणक टक्केवारी दाखवत अडकलेला, हे ज्या नौपाड्यातल्या ऑफिसात घडलं असेल तिथे पुढच्या सूचनेवर कोण विश्वास ठेवील?

घोळ असा की सुरक्षेची दुरुस्ती आणि नवं रूपडं एकाच गाठोड्यात येत राहिलं. ही गाठ सोडवायचा सरळ प्रयत्न लिनक्सवाल्यांनी, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बनवणाऱ्यांनी केला. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. त्याची पहिली एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, ६.०६, जून २००६मध्ये आली. डेस्कटॉपला तीन वर्षं सपोर्ट. १२.०४ या आवृत्तीपासून तो पाच वर्षं झाला. दोन एलटीएसच्या मधल्या आवृत्त्यांना आज जेमतेम नऊ महिने मिळतात. एलटीएसमध्ये त्या पाच वर्षांत मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर बिघाडांच्या दुरुस्त्या येतात, मेनू जागचा हलत नाही. ब्राउझर हा अपवाद, तो बदलत राहतो आणि राहिलाच पाहिजे. फायरफॉक्स या ब्राउझरने संस्थांसाठी २०१२मध्ये अशीच स्थिर ईएसआर आवृत्ती काढली. विंडोजचीही एलटीएससी नावाची अशी दीर्घकाळची आवृत्ती आहे, पण ती घरगुती ग्राहकाला विकत नाहीत, हे मला खटकतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणाऱ्या चांगल्या चालत्या पीसींचा प्रश्न घरोघरी उभा राहिला. त्यावर उबुंटू टाकणार असाल तर एलटीएसच घ्या. पुढची एलटीएस आली तरी तिची सूचना लगेच येत नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती, म्हणजे शेवटी ‘.१’ असलेली, निघाल्यावरच येते. ती सूचना पुढे ढकलायला हरकत नाही. रोजच्या सुरक्षा-अपडेटची सूचना मात्र ढकलू नका.