उन्हात आखडलेली चप्पल आणि जेट स्कीची गादी

मे महिन्यात दुपारभर अंगणात राहिलेली ईव्हीएची (हलक्या, फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या फोमची) चप्पल संध्याकाळी पायात घातली तर टाच बाहेर राहते. परभणी-नांदेडकडे यात कुणाला नवल वाटत नाही. पाण्यावर पळणाऱ्या, उभ्याने चालवायच्या जेट स्कीमध्ये पायांखाली जी गादी चिकटवतात, ती याच पदार्थाची असते. ती कापताना आणि चिकटवताना ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा या चपलेकडे बघून टाळता येतात.

या गाडीला सीट नसते. अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून कावासाकीने १९७३ मध्ये ती बाजारात आणली. चालवणारा मागच्या खोलगट ट्रेमध्ये आधी गुडघे टेकतो आणि वेग आला की उभा राहतो. ट्रे फायबरग्लासचा, म्हणजे ओल्या पायाला गुळगुळीत आणि गुडघ्याला दगड. आपटणारा गुडघा २ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटर दबून थांबला, तर त्याला बसणारं सरासरी बल चौथाईवर येतं. मग इंचभर जाड मऊ फोम का घालू नये? कारण मऊ फोम तळापर्यंत दबला की त्याचं काम संपतं, खाली पुन्हा दगडच. शिवाय उंच, लुसलुशीत गादीवर पायाला गाडीचा अंदाज येत नाही आणि तोल जातो. म्हणून खाली १० ते १२ मिलिमीटरची घट्ट गादी आणि वर ५-६ मिलिमीटरची खाचांची मॅट, अशी जोडी बरी पडते.

फोम घेताना फसायला होतं. सोफ्याचा स्पंज पाणी पितो, त्याचा इथे विचारच नको. यंत्रांच्या खोक्यांत येणारा पांढरा पॅकिंगचा फोम, म्हणजे ईपीई, पाणी पीत नाही. पण पायाखाली चेपला की चेपलेलाच राहतो. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास तो स्वस्तात मिळतो, आणि स्वस्त म्हणून गळ्यात पडतो. आपल्याला हवा बंद पेशींचा ईव्हीए, म्हणजे ज्यातला प्रत्येक बुडबुडा बंद असतो आणि पाणी आत शिरत नाही. खात्री करायची तर एक तुकडा वजन करून रात्रभर पाण्याखाली दाबून ठेवावा आणि सकाळी पुसून पुन्हा तोलावा. वजन जवळपास तेच भरलं पाहिजे. अंगठ्याने दाबून सोडल्यावर खळगाही लगेच भरून आला पाहिजे.

आता चपलेचं कोडं. ईव्हीए फुगवताना त्यात वायूचे असंख्य बुडबुडे होतात आणि प्लॅस्टिकच्या साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच थिजतात. त्यांच्यातले बारीक स्फटिक त्यांना तसं धरून ठेवतात. हे स्फटिक घटकांच्या प्रमाणानुसार साधारण ७० ते ९० अंशांना वितळतात, पण त्यांची पकड त्याच्या बरीच आधी सैल होऊ लागते. मेच्या उन्हात काळा पृष्ठभाग ६५ अंशांच्या घरात सहज जातो. मग ताण सुटतो, साखळ्या आखडतात आणि तुकडा कायमचा लहान होतो. साधं प्रसरण वेगळं, ते गार झाल्यावर परत जागेवर येतं; पण मीटरभर पट्टीत तेही २-३ मिलिमीटरचं असतं. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तंतोतंत कापलेला तुकडा पहाटे आखूड भरतो तो यामुळेच. माप आणि कापणी सकाळी, सावलीत, आणि शीट आदल्या रात्री गुंडाळी सोडून सपाट पसरलेली.

साचा जाड खाकी कागदाचा करावा. वर्तमानपत्र कोपऱ्यात फाटतं आणि माप खोटं सांगतं. ट्रेची मधली रेघ आधी आखून घ्यावी, मॅटच्या खाचा तिला समांतर बसल्या पाहिजेत. अर्धा साचा उलटून दुसरी बाजू कापायचा मोह होतो, पण हाताने घडवलेल्या ट्रेच्या दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात. प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा आणि वरची बाजू लिहिलेली बरी. दोन तुकड्यांमध्ये ५ मिलिमीटर फट सोडावी, तीच पाणी वाहायची वाटही होते. बाहेरचे कोपरे १२ मिलिमीटर त्रिज्येने गोल करावेत, कारण उकलायची सुरुवात टोकापासून होते. आतल्या कोपऱ्यात चांभाराच्या पंचने आधी भोक पाडून मगच काप तिथपर्यंत आणावा, नाहीतर फोम त्या टोकातून पुढे फाटत जातो.

कटरचं ब्लेड नवं हवं. एका झटक्यात जाड फोम कापला तर तो दाबाखाली सरकतो आणि कड खालून तिरकी निघते. दोन-तीन हलके हात मारावेत.

पायाला अडण देणाऱ्या उतरत्या पाचरी थरावर थर चिकटवून करतात. इथे नवख्यांचा घात होतो तो सोल्युशनमुळे, म्हणजे चिकटवायच्या गोंदामुळे. वाळलेलं सोल्युशन फोमपेक्षा कठीण असतं. पॉलिशपेपर फिरवताना फोम झिजतो, चिकट रेघ झिजत नाही आणि पाचरीवर वरंबे उठतात. म्हणून आधी लांब पात्याच्या सुरीने जवळजवळ अंतिम आकार काढून घ्यावा, मग ग्राइंडरवर ३६ नंबर आणि शेवटी ८० नंबरचा कागद हलक्या हाताने. तोंडाला मास्क हवाच. पाचरीची कड शून्यापर्यंत पातळ करू नये, ३ मिलिमीटर ठेवून वर मॅट ओढावी. मॅट वळणावर बसवायला हीट गन सतत हलती ठेवून फोम मऊ करायचा, दाबून धरायचा आणि धरलेलाच गार होऊ द्यायचा. चपलेला आखडवणारी उष्णताच इथे आपल्या कामी येते. पण गन एका जागी थांबली की पृष्ठभाग चकाकतो आणि पकड जाते.

फायबरग्लासवरचं जुनं सोल्युशन खरवडून, ८० नंबरने घासून, स्वच्छ फडक्याने अॅसिटोन फिरवावं. मग निओप्रीनचं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दोन हात. जाड थरातलं टोल्यूइन (सोल्युशन पातळ ठेवणारा, उडून जाणारा द्रावक) ईव्हीएमध्ये मुरतं, तुकडा फुगतो आणि कडा वळतात. बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. एरवी याला १०-१५ मिनिटं लागतात, पण मेच्या कोरड्या झळेत वर साय लवकर धरते आणि आत द्रावक अडकून राहतो. जुलैमध्ये उलटं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, माठ गार होतो तसाच. दमट हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन जमते आणि थर पांढुरका दिसतो. तसा दिसला तर जोडूच नये, कोरड्या दिवसाची वाट बघावी. जोडताना मधून कडेकडे रोलर दाबत जावं. आत राहिलेली हवा २५ अंशांवरून ६५ वर गेली की आकारमानाने सुमारे १३ टक्के फुगायला बघते, आणि आधी लक्षात न आलेला फुगा वर येतो.

मोठं काम करण्याआधी २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी चिकटवून २४ तासांनी ओढून बघावी. फोम फाटला तर जोड उत्तम. सोल्युशन फायबरग्लासवरून पापुद्र्यासारखं सुटलं तर घासणं-पुसणं कमी पडलं. दोन्ही थर एकमेकांपासून कोरडे वेगळे झाले तर जोडायला उशीर झाला, आणि तारा निघाल्या तर घाई झाली.

शेवटचा प्रश्न रंगाचा. पैठणचा नाथसागर जलाशय हे पक्षी अभयारण्य असल्याने तिथे असे खेळ गृहीत धरता येत नाहीत; इथली गाडी बहुधा ट्रेलरवर चढून कोकणाकडे जाते आणि बाकीचे महिने घरासमोर उभी राहते. समुद्रावर काळी मॅट पाण्याने सतत गार होत असते, अंगणात मात्र ती तापत राहते. फिकट राखाडी घ्यावी, आणि वर काळी ताडपत्री टाकायचीच असेल तर मध्ये हातभर मोकळी हवा खेळती ठेवावी.